बडोद्याच्या भिंतीवर

बायको धडधाकट जिवंत असताना मी तिला बडोद्यात मारून आलो. तेही तोंडानं नव्हे, गप्प बसून.

आमचं घर विरारजवळच्या निर्मळ गावचं, केळीची आणि मोगऱ्याची वाडी, बाप-आज्याचा जन्म पाणी लावण्यात गेला, आणि मी मुंबईला जाऊन चित्रकलेचा डिप्लोमा केला नि गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. पण गावाला माझा उपयोग वेगळाच. तेव्हा कुणाकडे फोटो असायचा हो? घरात माणूस गेलं की तिरडी बांधायच्या आधी मला सांगावा, मास्तर या, तोंड उतरवून घ्या. मी उशाशी बसायचो, भोवती रडारड आणि मी आपला नाक-हनुवटी मापतोय, मग घरी येऊन मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे काढायचे. घरचे सांगत, घारे होते, जरा हसरे होते. मी हसरे काढायचो. त्याबद्दल केळ्यांचं एखादं लोंगर घरी येई. अशी किती तोंडं उतरवली, काय सांगू तुम्हाला, अजून वाडीत खाली वाकलो की पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि वळून बघायचा धीर होत नाही.

स्वातंत्र्यानंतर मला पुढं शिकायची हुक्की आली. तीन पोरं पदरात असताना. मुंबईत वरचा वर्ग होता, पण रोज जाऊन-येऊन नोकरी कशी टिकायची? बंगालात एका गुरूंकडे झाडाखाली बसून शिकता येई, पण एकट्यानं, आणि इथं थोरली, मधला नि पाळण्यातली. बडोद्याला नवी कलाशाळा निघाली होती, दोन वर्षं, राहायला खोली. एका हातानं पाळण्याची दोरी ओढत मी महिनाभर मुंबई, बंगाल, बडोदा करत होतो. शेवटी हीच म्हणाली, अहो, त्यात एवढं जोखायचं काय, जिथं पाचही जण मावतो तिथं जायचं. विरारपलीकडचं गाव तिनं पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून शेजारणींना सांगत सुटली, आम्ही बडोद्याला जाणार.

तिकडं प्रवेशाला जिवंत माणूस समोर बसवून केलेलं चित्र न्यायचं होतं. हिला दुपारी ओटीवर बसवलं. पहाटेपासून कळ्या खुडून थकलेली, बसल्या जागी डोळा लागला. मी म्हटलं बरं झालं, हलत नाही. हाताला सवय तीच, डोळे मागाहून उघडले. चित्र झकास उतरलं. शेजारच्या काकू आल्या, चित्राला हात जोडून गेल्या. मधल्यानं विचारलं, आई कुठं गेली? ती त्याच्या मागंच उभी होती. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

चित्र घेऊन मी एकटाच बडोद्याला गेलो. तिथले मुख्य गुरुजी मराठीच. चित्रापुढं उभे राहिले, चष्मा काढला, हळूच म्हणाले, कधी गेल्या? मला सांगायचं होतं, गेली नाही हो, घरी भाकऱ्या थापतेय. पण तसं म्हणणं म्हणजे मला चित्र येत नाही हे कबूल करणं. मी मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, पोरं लहान असतील, आधी त्यांना बघा, जागा तुमचीच, सोयीनं या, चित्र मात्र इथं राहू द्या. आणि माझ्यादेखत भिंतीवर लावलं. शिपाई म्हणाला, हार आणू का?

घरी परतलो तर दारातच हिनं विचारलं, खोलीला खिडकी आहे का? मी म्हटलं, जागा भरल्या.

मग सुरू झालं. विहिरीवर तिला जरा वेळ लागला की मी धावत जायचो. दुपारी आडवी झाली की नाकापुढं बोट धरायचो. झोपेत तिचं तोंड हुबेहूब त्या चित्रासारखं दिसे, की ते हळूहळू तसं व्हायला लागलं होतं, मला आजही उमगलेलं नाही.

पुढच्या वर्षी मुंबईला जाताना गुरुजी मध्येच विरारला उतरले आणि टांगा करून दारात हजर, आईवेगळ्या पोरांसाठी पेढे घेऊन. ही पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पुडा त्यांच्या हातातच राहिला. मग सावरून मला म्हणाले, त्यांची धाकटी बहीण का? बरं केलंत.

ही म्हणाली, कुणाची बहीण?

सगळं सांगावं लागलं. गुरुजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, जूनमध्ये सगळे या, जिवंत माणूस बघायला शिकवायलाच आम्ही बसलोय. हिनं माझ्याकडं न बघता ट्रंक काढून भांडी बांधली.

मी गेलो नाही. ते चित्र तिथं भिंतीवर, आणि त्याच्याखालून ही चालत जाणार, आणि दोघींतली एक मला नाहीशी झालेली दिसणार, असं काहीतरी मनात बसलं ते बसलंच. पुढच्या वर्षी म्हटलं, मग त्याच्या पुढच्या वर्षी. ट्रंकेत कांदे गेले.

आता केस पिकले. थोरलीचा हात माझ्यापेक्षा चांगला, ती हलती माणसं काढते, तिचं भलं होवो. यंदा तिला कलाशाळेत घालायचं, तर मी पुन्हा सुरू केलं, मुंबई बरी, की बडोदा, मुलीच्या जातीला कुठलं जवळ.

ही सूप पाखडत होती. म्हणाली, तुम्ही जोखू नका. बडोद्याला तिला मी पोचवते. तुमची चौकशी झालीच, तर वारले म्हणून सांगेन.