सॉरी आणि तांब्याभर पाणी

मंडळी, ऐका! एका शब्दात किती अर्थ मावतात? आणि समजा, सगळे मावले — तर तेवढ्यानं दुखावलेलं माणूस परत मिळतं का? हसू नका, उत्तर सोपं नाही!

चाळीसगावात एक पाटकर सर होते. इंग्रजीचे मास्तर. आपण आंबा चोखतो ना, तसा हा माणूस शब्द चोखायचा — कोय पांढरी होईपर्यंत! त्यांची धाकटी बहीण इंदू, पाचोऱ्याला दिलेली. तिच्या घरी तिच्या मुलीचा साखरपुडा होता. होणारे जावई, संदेशराव, हौसेनं उठून दोन वाक्यं इंग्रजीत बोलले. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? पेढा खावा! पण सरांनी भर बैठकीत त्यांच्या चुका काढल्या. व्याही खाली बघायला लागले. इंदू म्हणाली, दादा, हा तुझा वर्ग नाही. झालं! सरांचा पारा चढला. पुन्हा तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, असं दारात उभं राहून बजावलं आणि तडक स्टँड गाठला.

लग्न तोंडावर आलं. अहो, मामाशिवाय नवरी बोहल्यावर येते कशी? मामानं तिला हाताला धरून आणायचं, पाठीशी उभं राहायचं. जिला खांद्यावर बसवून फिरवलं, तिच्याच लग्नात आपण नसणार — सर भरल्या ताटावरून उठले. शेवटी बहिणीला फोनवर लिहिलं, ‘सॉरी’.

उत्तर नाही!

मास्तरच ते. शब्द उलगडत बसले. धक्का लागला — सॉरी. नीट ऐकू आलं नाही — सॉरी. कुणाचं माणूस गेलं, तिथंही सॉरी. दुकानात माल नाही — सॉरी! गंमत बघा, क्षमा, दुःख, नकार, सगळ्यांच्या अंगात एकच सदरा! तबलजी, हसताय काय? कालच्या कीर्तनात सम चुकल्यावर तुम्हीही हेच म्हणालात! सरांना वाटलं, घोळ इथंच झालाय, इंदूला आपली छटा कळलेली नाही. लावला फोन, आणि एकेक छटा समजावून सांगितली.

इंदूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, शब्द कळला होता रे मला. पण माझ्या घरचं पाणी तू माझ्या दारात नाकारलंस. ते फोनवर कसं पाजू?”

सर दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला गेले. पायरीशी पाय अडखळला, कारण आत संदेशराव बसलेले, पत्रिका घेऊन आलेले. इंदूनं तांब्या भरला. पण भावाला दिला नाही हो — दिला जावयांच्या हातात! आता? ज्याला चारचौघांत उणं केलं, त्याच्याच हातचं पाणी! संदेशराव उठले, उंबऱ्यापर्यंत आले.

“मामा, पाणी घ्या,” एवढंच म्हणाले.

सरांना एकही शब्द सुचला नाही, कुठल्याच भाषेतला. दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. डोळे भरून आले होते, ते कुणी पुसायला सांगितलं नाही. लग्नात मामा भाचीच्या पाठीशी उभे होते, हे वेगळं सांगायला नको.

मंडळी, शब्द कितीही गुणी असो, देवानं पाय आपल्याला दिलेत, शब्दाला नाही. तुमच्यातही कुणी कुणाच्या घरचं पाणी सोडलं असेल. मला नाव नको, तुम्हाला ठाऊक आहे. आरती घ्या, प्रसाद घ्या — आणि घरी जाताना त्या दारावरून जा. तहान लागली म्हणा!