कालवणावरचा तवंग

मी मूळची रोह्याकडची, आतल्या गावची, भात निघाला की त्याच शेतात वाल पेरतात तिकडची. आनि माझा स्वभाव पहिल्यापास्नं असा, कोनाच्या बोलन्यावर पटकन इस्वास नाय ठेवायचा. आई बोलायची, हिला वाढलं तरी ही ताटाखाली काय हाय ते बघनार. मंग बघायलाच पायजे ना? बाजारात वरचे वाल चांगले नि खालचे किडके, हे मी लहानपनीच बघितलेलं. लग्न होऊन पेनच्या खाडीवरच्या गावात आली, सासूनं जिताडा हातात दिला, बोलली साफ कर गो, तर मी आधी त्याचे कल्ले उचलून बघितले, ताजा हाय का. सासू हसायला लागली, अगो, तुज्या सासऱ्यानं आत्ता आनलाय जाळ्यातनं, अजून शेपटी हलवतोय. हलवतोय तर हलवतोय, बघितलं तर बिघडलं काय?

आमचे हे आधी मिठागरावर व्हते, मीठ ओढायला, मंग नागोठन्याकडं कंपनीत कंत्राटी लागले, शिफ्ट करून करून आता घरी बसलेत. पोरगी लग्न होऊन गेली. घरात आमी दोघंच नि एक बोका. तर काय सांगू बाय तुला, चांगले जेवून उठले नि ह्यांच्या छातीत कळ आली, मुंबईकडं न्यायला लागलं, छातीत स्प्रिंग बसवली. तिथं मी ह्यांच्या उशाशी बसून अशी रडली, अशी रडली, की बाजूच्या पेशंटची बायको मला पानी घेऊन आली. घरी आल्यावर पेनच्या डॉक्टरनं सांगितलं, आता तळलेलं बंद आनि तेल कमी. मी मनात बोलली, कमी बोलतो म्हंजे बंदच असनार. सरळ बंद बोलला तर मानूस घाबरून दवाखाना बदलेल, म्हनून हा अर्धं सांगतो. मला काय कळत नाय काय?

मंग मी बंद केलं. तेलाचा डबा शेजारनीला देऊन टाकला. नारळ बंद, शेंगदाने बंद, तीळ बंद, भाजी पान्यावर, मासा हळद-मीठ लावून उकडलेला. आनि मासा पन कसला, जिताड्याला काय नि बोईटाला काय, सवताचंच तेल असतं, कालवन उकळलं की वर पिवळा तवंग येतो. आधी तो तवंग बघून आमी खूष व्हायचो, बोलायचो मासा भरलेला मिळाला. आता तो दिसला की मला धडकी भरायची, वाटायचं हाच तो, हाच जाऊन त्या स्प्रिंगमध्ये बसनार. मंग डावानं सगळा तवंग काढायचा, पोटाकडची चरबी काढायची, नि बोक्याच्या वाटीत. टाकून कसं देनार, एवढा महाग मासा. ह्यांच्या पुढं खाली राहिलेलं पानी नि भात. मी पन तेच खायची हां, ह्यांना सुकं नि मला चमचमीत असं कधी केलं नाय.

हे वाळत चालले. टाचा फुटल्या, हातावर नख ओढलं की पांढरी रेघ उठायची, रोज बांधावर जाऊन बसायचे तिथपर्यंत चालवेना. मी भात वाढवला, भातात कुठं तेल हाय? डोंगर वाढायची पानात. आनि इचारायची, पोट भरलं का, तर बोलायचे, भरलं गो. रोज तेच, भरलं गो.

आता एवढं खातात नि अंगाला लागत नाय, म्हंजे कायतरी लबाडी हाय. माझा पहिला संशय नाक्यावरच्या वड्याच्या गाडीवर. हे बाहेरनं आले की मी जवळ जाऊन ह्यांच्या मिशीचा वास घ्यायची. हे लाजायचे, बोलायचे, अगो, ह्या वयात काय हे? मला कसलं काय, मी तेल हुडकत व्हती. नाय सापडलं. गाडीवाल्याला पन जाऊन दरडावलं, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मंग संशय गेला बोक्यावर. तो बोका असला तुकतुकीत झाला व्हता, पोट हलवत चालायचा, गल्लीतली बाकीची मांजरं त्याला वाट द्यायची. मी बोलली, झालं, हे आपल्या पानातला मासा त्याला घालतात. मंग मी जेवताना समोर बसून पाळत ठेवली. हे काटासुद्धा चोखून खायचे बाय, बोक्याला काय घालनार? तरी मला वाटायचं, ह्या दोघांचं काहीतरी ठरलेलं हाय.

अशात ह्यांची धाकटी बहीन आली, चांगुना, हमरापूरला दिलेली, तिच्या घरी गनपती रंगवतात. येताना पिशवीत तारली मासळी घेऊन आली. मी आधी पिशवी उघडून बघितली नि बोलली, ही परत ने, तारली निखाऱ्यावर ठेवली तर तेल ठिबकतं, तुला काय भावाचा जीव घ्यायचाय? ती पिशवी बाजूला ठेवून चुलीपाशी येऊन बसली. मी कालवन उतरवलं, तवंग काढला, बोक्याच्या वाटीत ओतला. ती बघत व्हती. बोलली, वैनी, हे रोज? मी बोलली, व्हय, रोज. मंग ती बोलली, वैनी, एकदा बोक्याकडं बघ, आनि एकदा माज्या दादूसकडं बघ.

मला राग आला, काय सांगू. बोलली तिला नाय नाय ते, तू येऊन मला शिकवनार काय, स्प्रिंग बसली तेव्हा कुठं व्हतीस. पन बोलता बोलता माझी नजर गेली ओटीवर, हे दुपारच्या उन्हात चादर गुंडाळून बसलेले, गालाची हाडं वर आलेली. दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन आमी दोघी डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरनं रक्त तपासलं नि मलाच ओरडला. बोलला, मावशी, मी तेल कमी बोललो व्हतो, बंद नाय. अंगाला स्निग्ध लागतंच. माशाचं तेल, शेंगदान्याचं, तिळाचं, हे थोडं थोडं पोटात जायला पायजे, नायतर भाजीपाल्यातलं सत्त्व पन अंगाला लागत नाय. वाईट ते परत परत तापवून काळं झालेलं तेल, वनस्पती तूप, फरसान. आनि तुमी तेलाच्या जागी भात भरलात, त्यानं ह्यांची साखर चढली नि रक्तातली चरबी पन चढली. मी बोलली, चरबी खाल्लीच नाय तर चढली कुठनं? तर बोलला, जास्तीच्या भाताची अंगात चरबीच होते. मी चांगुनाकडं बघितलं. हिनं आधी फोन करून ह्याला पढवला तर नसेल? मी तिला बाहेर पाठवली, दार लावून घेतलं नि डॉक्टरला बोलली, आता खरं सांगा. तो हसला नाय. बोलला, मावशी, खरं हेच हाय. हा मानूस उपाशी हाय.

येताना मिनीडोर रिक्षात मी ह्यांना इचारलं, तुमी रोज भरलं भरलं बोलत व्हता ना? हे हळूच बोलले, तू त्या हॉस्पिटलात रडलीस ना, तशी तुला मी कधी बघितली नव्हती. घरी आल्यावर तू तो तवंग काढून टाकायचीस, तेव्हा जरा तुज्या तोंडावर हुशारी यायची. म्हनून बोलायचो. बाय, मी गाडीवाल्यावर संशय घेतला, बोक्यावर घेतला, ननंदेवर, डॉक्टरवर घेतला. ह्या एका शब्दावर नाय घेतला. मला असं रडू आलं की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

आता घान्यावरचं शेंगदान्याचं तेल आनते, तिथं उभी राहून डोळ्यांसमोर काढून घेते, दुसरं मिसळतात काय कोनी सांगावं. चमच्यानं घालते, जास्त नाय. भात बेताचा, तारली निखाऱ्यावर, तवंगासकट कालवन. डॉक्टर बोलतो रक्त सुधारलं, मी बोलते अजून एकदा तपासा. हे बांधापर्यंत जातात आता, परत येताना कोनाशी तरी भांडून पन येतात, म्हंजे ताकद आली. बोका शेजारनीकडं राहायला गेला, तिच्याकडं माझा जुना डबा हाय ना.

पन ते भरलं गो, त्याच्यावर आता माझा काडीचा इस्वास नाय. हे हात आडवा धरतात, मी हात बाजूला करते नि माशाची तुकडी वाढते, आनि संपेपर्यंत तोंडाकडं बघत बसते. हे बोलतात, अगो, आता खरंच भरलं. असू दे. देवानं मानूस परत दिला, मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलनारा मानूस, त्याला मी तरी दुसरं काय देनार? चल, तू पन हात धू. भूक नाय बोलू नको, मी मानायची नाय.