बाण खाली, बाण वर

—नाही नाही, बसा ना काका, मी मुद्दाम नाही बघितला तुमचा लॅबचा कागद, तो माझ्याच बाजूला उलगडलेला होता — आणि लाजताय कशाला, तुमची तपासणी टेस्टोस्टेरॉनची, माझीही टेस्टोस्टेरॉनचीच. खरंच. मुलींच्या रक्तातपण असतं ते, थोडंसं, डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी एरवी एवढी बोलत नाही हं, वर्गात माझं 'हजर' बाईंना ऐकूच जात नाही — पण आज राहवतच नाहीये.

काय झालं, मॅडमनी ही तपासणी लिहून दिली. का दिली — ते जाऊ दे, तुम्हाला काय सांगायचं. तर रिपोर्ट आला आईच्या मोबाईलवर. आकड्यापुढे 'कमी', आणि खाली तोंड केलेला बाण. आई खूश — "बघ मिनल, कमीच हाय की. उगं डोक्यात घेऊन बसलीस. आता न्हाई जायचं मॅडमकडं." आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. कमी आलं म्हणून कोण रडतं? मी रडले. कारण जास्त असतं तर ते दुखणं असतं, त्याला गोळ्या असतात. कमी म्हणजे मग — मग ही हनुवटी माझीच, कायमची. पप्पांचं रेझर मी गुपचूप — अरे देवा, हे कशाला सांगतेय मी. कोरोना गेल्यावर वर्गात सगळ्यांनी मास्क काढले, मी अजून लावते. धुळीची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलंय. आकुर्डीत धूळ आहेच, कुणी जास्त विचारत नाही.

तर काल तो रिपोर्ट परत उघडला, अगदी वरपासून वाचला. नाव मिनल, वय पंधरा, आणि पुढे काय — पुरुष. पुरुष, काका. इथे ही तपासणी करायला सगळे कंपनीतले काकाच येतात ना, तुमच्यासारखे, शिफ्ट सुटल्यावर — काउंटरवरच्या ताईंच्या बोटांना सवय, दाबलं 'पुरुष'. मग कॉम्प्युटर काय करणार, लावलं मला तुमचं माप. तुमच्या मापात मी कमीच भरणार की. इतकी हसले बाथरूममध्ये, आई दार वाजवायला लागली. ताई म्हणाल्या, आकडा तोच राहील, बायकांचं माप लावून परत काढते, थांब. म्हणून थांबलेय. शाळा भरली असेल एव्हाना. आणि तुम्ही रात्रपाळीवरून थेट आलात ना, डोळे लाल आहेत — आधी सांगा त्यांना. झोप झाल्यावर सकाळी या, असं भिंतीवर लिहिलंय बघा, नाहीतर तुमचाही बाण उगाच —

आला. थांबा, ताईंनी दिला. तुम्ही धरा, नको, मीच बघते. बाण — बाण वर. जास्त. काका, जास्त आलंय. हसा हवं तर, पण आता आईला मॅडमकडे न्यावंच लागेल. मी उगाच नव्हतं डोक्यात घेतलं, बघा, छापून आलंय.

काय? कानाकडे काय बोट दाखवताय — मास्क? एका कानाला लटकतोय? कधीपासून? मी बोलायला लागल्यापासून? म्हणजे तुम्ही इतका वेळ सगळं बघत — आणि चेहरा जराही बदलला नाही तुमचा, जसं काही —

तुमचं नाव पुकारलं, काका. जा.