नऊ खड्ड्यांचं मैदान

(वारासिवनीतलं घर, मागचं अंगण, दुपार. समोरच्या खोलीत मुलाकडचे पाहुणे पोहे खात आहेत. रचना आणि तिला पाहायला आलेला अंकित यांना दोन शब्द बोलायला मागं पाठवलं आहे. रचनाची आजी तुळसाबाई सूप घेऊन तिथं आधीच बसलेली आहे.)

तुळसाबाई : नाही बाबू, तू राग मानू नको. पोरगा तू चांगला हाये. पण गल्फवाला जावई मले नको. समोर बोलली नाही, तुह्या बापाचा मान राखला. इथं सांगून देते.

रचना : आजी, तू तं म्हणे ऐकणार नव्हती. तांदूळ निवडत बसीन म्हणत होती.

तुळसाबाई : निवडूनच तं राह्यली. तोंड रिकामं हाये ना.

अंकित : पण आजी, मी गल्फमध्ये नाही.

तुळसाबाई : आता असं नको बोलू. हे स्थळ आणलं त्या तेजरामनं चार वेळा सांगतलं. राजेगावचा पोरगा, गल्फमंदी हाये, पगार चांगला हाये.

अंकित : गोल्फ. बाबांनी तेजराममामाले गोल्फ सांगितलं असन. गोल्फ एक खेळ असते. मी इंग्लंडमध्ये आहे, गोल्फच्या मैदानावर काम करतो.

रचना : इंग्लंडमध्ये?

अंकित : हौ. शहरात नाही, देहातात. मतलब, तुम्हाले पण गल्फच सांगितलं?

रचना : आमच्या घरात पंधरा दिवसांपासून दुबईच चालू हाये. फोटोत तुमच्या मागं इतकं हिरवं पाहून मले शंका आलती. पण बाबा म्हणे, शेखाचा बगीचा असन.

तुळसाबाई : मी तं मनातल्या मनात खजुराची झाडं बी पाहून आली.

अंकित : सॉरी आजी.

तुळसाबाई : तू काहून सॉरी म्हणते? चुकले ते तेजरामचे कान. पण मले एक सांग. गल्फ असो का गोल्फ, बायको कुठी राह्यते?

रचना : आजी, मी विचारते ना.

तुळसाबाई : तू लाजत बसशीन. बाबू, माझी लेक अनुसया, हिची आत्या, लामत्याले दिली. जावई गल्फमंदी गेला, बाई लामत्यात राह्यली. तो दोन वर्सानं एक महिना यायचा. पेटीभर सामान आणायचा. घर पक्कं झालं, टीव्ही भिंतीएवढा झाला. आता तो कायमचा आला, तं दोघायले एकमेकासंग बोलता येत नाही. भाजीत मीठ कमी असलं तं तो पोराले सांगते, अन् पोरगा मायले सांगते.

रचना : आत्या मले म्हणाली होती, लग्न कर बाई, पण फोनसंग नको करू. म्हणून मी दोन पोरांना नाही म्हटलं. तुम्हाले पण नाहीच म्हणणार होती.

अंकित : मी बायकोले सोबत नेणार. तशी परवानगी आहे, मी विचारूनच आलो.

रचना : नेणार कुठं? राहता कुठं तुम्ही?

अंकित : आता जिथं आहे तिथं तर नाही जमणार. जुन्या जमीनदाराची वाड्याएवढी कोठी होती, तिचं हॉटेल केलं. चहूकडं मैदान, मोठमोठी झाडं, मधात तलाव. सकाळी हरणं येतात. पण आम्ही तीन पोरं एका खोलीत. आणि तलावाकाठी आम्हाले बसता येत नाही, तो पाहुण्यांचा. म्हणून दुसरीकडं दोन जागी अर्ज केला. दोन्हीकडून हौ आलं. सोमवारपर्यंत सांगायचं आहे.

तुळसाबाई : थांब बाबू. काम काय करते तू, हे तं सांग.

अंकित : घास कापतो.

तुळसाबाई : काय?

अंकित : सच सांगितलेलं बरं. बाबा लोकांना सांगतात, पोरगा मैदानाचा अधिकारी आहे. मी गवत कापतो, आजी. मशीननं. कापतो, पाणी देतो, साचलेलं काढतो, खत देतो, रोग पडला का पाहतो. त्याचं शिक्षण घेतलं एक वर्ष. खड्ड्याजवळचं गवत इतकं बारीक ठेवावं लागते का त्यावर हात फिरवला तर गादीवाणी वाटलं पाहिजे.

तुळसाबाई : कोणता खड्डा?

अंकित : मैदानात जागोजागी छोटे खड्डे असतात. लोक दुरून काठीनं बॉल मारतात, मग त्याच्या मागं चालत जातात, मग पुन्हा मारतात. शेवटी बॉल खड्ड्यात गेला पाहिजे.

तुळसाबाई : चालतच जातेत, तं हातात घेऊन काहून नाही जात?

अंकित : आजी, हे मी पहिल्या दिवशी माझ्या साहेबाले विचारलं होतं.

रचना : मग काय म्हणाला?

अंकित : म्हणाला, कोणाला सांगू नको, नाहीतर आपली नोकरी जाईल.

तुळसाबाई : माणूस बरा दिसते.

अंकित : बाबा पण हसतात. म्हणतात, आम्ही जिंदगीभर बांधीत पाणी अडवलं, धान पिकवलं, अन् हा तिकडं जाऊन दिवसभर पाणी काढून देते.

रचना : त्या दोन जागा कोणत्या? सोमवारच्या.

अंकित : पहिली समुद्राच्या काठावर. रेतीचे उंचसखल टीले, त्यावर बारीक गवत. झाड एक नाही. हवा अशी चालते का उभं राहणं मुश्किल. तिथल्या मैदानाचं आमच्या धंद्यात मोठं नाव आहे. दूरदूरचे लोक खेळायले येतात. तिथं दोन वर्ष काम केलं तर कुठंही नोकरी भेटते.

रचना : अन् घर?

अंकित : मशीनच्या शेडवर एक खोली. चांगली आहे. खिडकीतून समुद्र दिसते.

रचना : बाजार?

अंकित : दूर आहे. बस सकाळी एक, संध्याकाळी एक. शेजारी एक मेंढ्यावाला आहे.

रचना : तुम्ही अंधारात कामावर जाणार. मी काय करू दिवसभर?

अंकित : मोबाईलले तिथं नेटवर्क...

रचना : नेटवर्क नाही विचारून राह्यली. मी बालाघाटले पॅथॉलॉजीत जाते रोज. सकाळच्या बसनं. लोकायचं रक्त घेते, तपासते. कोणी रडते, कोणी घरचं सांगत बसते, कोणी सुई पाहूनच पळून जाते. मले माणसं लागतात. नाहीतर आत्या लामत्यात बसली, मी समुद्रावर बसीन. फरक काय?

अंकित : ...मी हवेचा विचार केला, गवताचा केला. बसचा नाही केला.

तुळसाबाई : कबूल तं करते. हिच्या आजानं शेवटपर्यंत नाही केलं.

रचना : आजी, तांदूळ. दुसरी जागा कशी हाये?

अंकित : दुसरी लहान आहे. पूर्ण मैदान अठरा खड्ड्यांचं असते, तिथं नऊच. एका कसब्याच्या बाजूले. आपल्या वारासिवनीपेक्षा लहान. खेळणारे पण साधे लोक. रिटायर पोस्टमन, एक नर्सबाई, बस चालवणारा. मैदानातून एक पायवाट जाते, जुनी. तिच्यावरून कोणीही जाऊ शकते, मनाई नाही. म्हाताऱ्या बाया कुत्रे घेऊन जातात, पोरं शाळेत जातात. बॉल मारणारे थांबतात, ते निघून गेले का मग मारतात.

तुळसाबाई : हे बरं हाये. रस्ता अडवला नाही.

अंकित : दोन खोल्या देतात. दवाखाना, बाजार पायी जाता येते. पण...

रचना : पण काय?

अंकित : मैदान खराब आहे. पाणी उतरत नाही. खालची माती चिकट, आपल्या काळ्या कन्हार मातीवाणी. पाऊस पडला का बांधीच होते. गवतात शेवाळ भरलं. त्यांच्याजवळ चांगली मशीन पण नाही. आधीचा माणूस म्हातारा होता, त्यानं सोडून दिलं. बाबांना तर मी ही जागा सांगितलीच नाही.

रचना : दुरुस्त होण्यासारखं हाये का?

अंकित : होईन ना. काहून नाही होणार? तीन-चार वर्ष लागतील. आधी उताराकडून आडव्या नाल्या काढायच्या, त्यात गिट्टी भरायची. वरून छेद करत जायचे अन् रेती टाकायची, दर हिवाळ्यात. शेवाळ मग आपोआप कमी होते, त्याले ओल नाही भेटली तर. अन् एका कोपऱ्यात जुना ओढा बुजवला आहे कोणी तरी, मी फिरताना पाहिलं. तो मोकळा केला तर अर्धं काम तिथंच होते.

रचना : एवढं पाहून आले तुम्ही?

अंकित : तसंच, चालता चालता.

रचना : समुद्राचं सांगताना पाठ केलेलं सांगत होते. आता चांगलं बोलले.

तुळसाबाई : ही तपासते तं अशी तपासते, बाबू. सुई लागली का कळत नाही.

अंकित : बाबा नाराज होतील. राजेगावात लोक म्हणतील, मोठ्या हॉटेलातून निघाला अन् लहान जागी गेला.

रचना : लोक काय ऐकतात अन् काय सांगतात, ते तेजराममामानं दाखवलं आपल्याले.

अंकित : हौ, ते पण खरं. पण एक सांगू? तुम्हाले तिथं रक्त तपासायचं काम लगेच नाही भेटणार. परीक्षा द्यावी लागेल. इंग्रजी ते लोक वेगळंच बोलतात, मले सहा महिने काहीच समजत नव्हतं. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडते. पहिलं वर्ष जड जाईन तुम्हाले.

रचना : हे तुम्ही न विचारता सांगितलं.

अंकित : नंतर तुम्ही म्हणाल, सांगितलं नव्हतं.

रचना : नंतर?

अंकित : मतलब... म्हणजे, झालं तर.

तुळसाबाई : बाबू, अंधाराचं राहू दे. भांडण झालं तं ही कोणापाशी जाईन तिथं? इथं तं मी हाये.

अंकित : त्या नर्सबाई आहेत, आजी. मी मैदान पाहायले गेलतो तेव्हा त्यांनी घरी नेऊन चहा पाजला. म्हणाल्या, लग्न झालं तर बायकोले अगोदर माझ्याकडं आण, बाजार मी दाखवीन.

तुळसाबाई : तुह्या लग्नाची खबर तिथं पोहोचली, अन् इथं आमचं दुबईच चालू.

रचना : दोघांपैकी तुमचं मन कुठं हाये? खरं सांगा. मले बरं वाटावं म्हणून नको.

अंकित : इथं येताना समुद्रावर होतं. नाव होईन असं वाटत होतं. आता त्या ओढ्याचं बोललो, तेव्हापासून तिकडंच आहे. ते मैदान कोणी सुधारलं तर ते माझंच काम दिसेल. समुद्रावर तर सगळं आधीच चांगलं आहे.

रचना : हं.

तुळसाबाई : आतून आवाज देऊन राह्यले, ऐका. तुह्या बापाले धीर नाही, पोरी. काय सांगू जाऊन? हौ सांगू का नाही सांगू?

रचना : तिकडं आता सकाळ झाली असन ना?

अंकित : हौ, ऑफिस उघडलं असन.

रचना : मग लावा फोन. ती नऊ खड्ड्यांची जागा अजून रिकामी हाये का, अगोदर ते विचारा. आजी, तू आत जाऊन चहा ठेवायले सांग, आम्ही येतो.