उभ्या गाडीत फुटलेलं नाक

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर नाकाला पट्टी लावलेले एक काका आणि त्यांची बायको कुजबुजत होते. पण कुजबूज अशी, की जिन्यातही ऐकू जावी.

"गाडी उभी होती, हे आधी सांगा."

"उभीच होती. तुझं आवरत नव्हतं, म्हणून मी नुसता हॉर्न वाजवला."

"वाजवला नाही, बडवला."

"बडवला म्हणून काय एअरबॅग उघडते? कंपनीने खराब माल गळ्यात मारला. अजून मला कशाचा वास येत नाही. भरपाई घेतल्याशिवाय सोडणार नाही."

"आणि माझ्या अब्रूची भरपाई? तुमच्या नाकाला टाके घालताना डॉक्टर माझ्या हाताकडे बघत होते."

"आपल्याकडे राहायला आलेल्या ताईलाही वाटतं, तूच ठोसा लगावलास."

"ठाऊक आहे. तेव्हापासून नणंदबाई स्वतःचा कप स्वतः विसळतात."

शिंपीणबाईंच्या हातातलं मासिक केव्हाचं उलटं होतं.

"केस जिंकलो की ताईलाही कळेल, तुझा काही दोष नव्हता."

बायको काकांच्या आणखी जवळ सरकली.

"काल त्यांनी मला विचारून चॅनल बदललं."

"मग काय, वकिलांना खोटं सांगू?"

"छे. वकिलांना सगळं खरं सांगा. भरपाईही घ्या. फक्त जिंकलात, तर घरी बोलू नका."