दाढ आणि कोसाइन

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सुजल्या गालाच्या एक सासूबाई आपल्या सुनेची उजळणी घेत होत्या.

“१२० अंशांचा कोसाइन?”

“एक द्वितीयांश.”

“आणि उणे कुठे गेलं? दुसऱ्या चरणात कोसाइन उणे असतो, सकाळपासून घसा फोडून सांगतेय!”

“आई, दाढ ठणकतेय ना तुमची? मग जरा गप्प बसा की.”

“दाढ गेली तर कवळी बसवता येते. उद्याची परीक्षा गेली तर तुला नोकरी कोण देणार? २१० चा साइन?”

“उणे... एक द्वितीयांश.”

“बरोबर आहे, तर मग चाचरतेस कशाला?”

तेवढ्यात आतून हाक आली. अर्ध्या तासाने सासूबाई तोंडात कापूस दाबून बाहेर आल्या.

“फार दुखलं का, आई?”

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी खरडून सुनेपुढे धरलं.

“२२५ चा टॅन? अधिक एक! आता तरी घरी चला हो!”