सिस्टीममध्ये नसलेलं बेअरिंग

दोन हजार चौदा साल, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, स्टोअरचे पत्रे असे तापलेले की हात लावला तर चटका बसावा... आणि साहेब आपल्या गार खोलीत बसून मला विचारतो, "काका, कसलं बेअरिंग परत करताय? सिस्टीममध्ये नाही!" अहो, नाही कसं? तीन महिने चार नंबरच्या मशीनमध्ये गरगर फिरतंय, त्याच्या जिवावर रोज दहा हजार खोके बाहेर पडतायत, आणि नाही?

"सिस्टीममध्ये नाही, म्हणजे नाही!"

तुम्हाला सांगतो, मी चौथी शिकलेला माणूस. पण छत्तीस वर्षं या पुठ्ठ्याच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, डोळे मिटून काढून देतो. मोजणीत कधी एक वायसर कमी भरला नाही. वायसर! तुमच्या घरात चमचे किती आहेत ते तरी सांगता येईल का तुम्हाला? असो.

फेब्रुवारीत चार नंबरचं बेअरिंग फुटलं. फळीवर दुसरं नाही. बाजारात ते मिळत नाही, सांगून बनवून घ्यावं लागतं, दोन महिने जातात. मशीन बंद, फोरमन डोक्याला हात लावून बसलेला. मी गेलो भिंतीशी.

भिंत म्हणजे आमच्या आणि शेजारच्या साबण कारखान्याच्या मधली. अलीकडे माझं स्टोअर, पलीकडे त्यांचं. तिथला स्टोअरकीपर माझ्याच वयाचा. अठ्ठावीस वर्षांत मी त्याला नावाने हाक मारली नाही, त्याने मला नाही. मी त्याला स्टोअर म्हणतो, तो मला स्टोअर म्हणतो.

"ओ स्टोअर, ते मोठं बेअरिंग आहे का?"

"एकच आहे स्टोअर. घ्या."

संपलं! सही नाही, शिक्का नाही, साहेब नाही. माझ्या खिडकीच्या खिळ्याला सुतळी टांगलेली असते. त्याच्याकडून काही आणलं की एक गाठ मारायची, परत केलं की सोडायची. अठ्ठावीस वर्षांत एक गाठ जास्त राहिली नाही.

मार्चमध्ये सिस्टीम आली. तिच्याबरोबर एक मुलगी आली, खांद्याला कॉम्प्युटर. मुलगी गोड, कामाला चोख, तिला मी नावं ठेवणार नाही. दोन दिवस धुळीत उभी राहून तिने सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "काका, कुणाकडून आणलेलं, परत द्यायचं असं काही आहे का?"

मी म्हटलं, "या स्टोअरने कुणापुढे हात पसरलेला नाही."

का म्हटलं? अहो, फोरमन उभा, साहेब उभा, चार माणसं बघतायत... पाहुण्यांसमोर कुणी घरची उसनवारी काढतं का? तिने टकटक केलं. खिडकीत गाठ लोंबत होती, मी त्या गाठीकडे पाठ करून उभा राहिलो.

एप्रिलअखेर आमचं नवीन बेअरिंग आलं. मी स्वतः, या दोन बोटांनी, अर्ध्या तासात सिस्टीममध्ये चढवलं. बेअरिंग, मोठं, नग एक. म्हटलं आता बाहेर काढू आणि देऊन टाकू. तर सिस्टीम विचारते, बाहेर काढायचं कारण? आणि खाली तीनच कारणं. मशीनला दिलं. विकलं. भंगारात टाकलं. चौथं नाहीच! माणसाने शब्द दिलेला असतो म्हणूनही वस्तू घराबाहेर पडते, हे त्या पेटीला कुणी शिकवलंच नाही.

आज-उद्या करता करता महिना गेला, मग गेलो साहेबाकडे. "सिस्टीममध्ये नाही, म्हणजे नाही!"

स्टोअरमध्ये परत आलो, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "स्टोअर... घाई नाही हो. पण एकतीसला मी रिटायर होतोय. तीसला मोजणी. आमच्याकडेही ती सिस्टीम आलीय. ती म्हणते बेअरिंग एक. फळी म्हणते शून्य."

"मग सांगा की मला दिलंय म्हणून!"

"गेटबाहेर वस्तू दिली असं सांगू? नोकरीच्या शेवटच्या दिवशी? हार घालायचा सोडून झडती घेतील हो."

तुम्हाला सांगतो, हा माणूस कधी मागत नाही. "घाई नाही" म्हणाला तेव्हा आवाज असा खाली गेला, की मला माझीच लाज वाटली.

मग सुरू झाली माझी वणवण. मशीनला दिलं असं लिहू म्हटलं, तर सिस्टीम म्हणते, जुनं फुटकं जमा करा. ते फेब्रुवारीतच भंगारात गेलं! बरं, भंगार म्हणू, तर म्हणते फोटो लावा. नव्याकोऱ्या बेअरिंगचा? ते आरशासारखं चमकतंय, फोटोत माझंच तोंड दिसायचं! बरं, विकू? तर त्यांची ऑर्डर पाहिजे. भिंतीवरून सांगितलं, "स्टोअर, आम्हाला एका बेअरिंगची ऑर्डर टाका." तासाने उत्तर, "स्टोअर, टाकत नाही हो ती. म्हणते, तुमच्याकडे एक आहे, दुसरं कशाला?"

ऐकलंत? माझी सिस्टीम म्हणते मी घेतलंच नाही, त्याची म्हणते त्याने दिलंच नाही! दोघी इतक्या एकमताच्या, सख्ख्या बहिणींचंही इतकं पटत नाही!

घरी सूनबाईला विचारलं. ती सगळं फोनवर मागवते, चपलासुद्धा. "बाबा, सोपं आहे. परत करा असं दाबायचं. मी तीनदा चपला परत केल्या, माणूस दारात येऊन घेऊन गेला."

"मग माझं बेअरिंग का नाही नेत?"

"तुम्ही कुठे विकत घेतलंय बाबा? तुम्ही तर मागून आणलंय."

म्हणजे बघा. पैसे टाकून आणलेलं नको म्हणून परत जातं. विश्वासाने आणलेलं, द्यायची इच्छा असून, परत जात नाही. वा रे सुधारणा!

शेवटी त्या मुलीला फोन केला. मान खाली घालून सगळं सांगितलं. छत्तीस वर्षांत असं कुणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "काका, त्याच दिवशी बोलला असतात तर उसनं म्हणून एक ओळ घातली असती. दोन मिनिटांचं काम होतं. आता साहेबांची लेखी परवानगी लागेल."

दोन मिनिटं! आणि साहेब? साहेब काय म्हणाला ते मी पुन्हा सांगायला हवं का? सांगतो. "काका, सिस्टीममध्ये नाही, म्हणजे..." कळलं, बाबा, कळलं!

एकोणतीस तारीख. दुपारची सुट्टी. उद्या त्याची मोजणी. पुढच्या महिन्यात माझी. हे बेअरिंग गेलं की माझ्याकडे एक कमी. छत्तीस वर्षांत पहिली लाल रेघ, माझ्या नावापुढे. फळीसमोर उभा राहिलो. तुम्ही काय केलं असतंत? राहू द्या, सांगू नका.

स्टूल घेतलं, भिंतीशी लावलं, गुडघे कुरकुरले तरी वर चढलो. पलीकडे तो आधीच स्टुलावर उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे, शर्ट घामाने चिंब.

"स्टोअर, धरा."

"तुमची मोजणी?"

"माझी मी बघतो."

"एक कमी भरेल हो. साहेब विचारेल, गेलं कुठे."

"सांगेन, सिस्टीममध्ये बघा."

त्याने दोन्ही हातांनी बेअरिंग घेतलं. मी उतरलो, खिडकीशी गेलो, सुतळीची गाठ सोडली.